खाली डावीकडचं घर

आमच्या आईनं उभ्या आयुष्यात कशाला म्हणून ‘चालेल’ म्हटलेलं मला आठवत नाही. बाही सूतभर लांब झाली तरी तिला चालायची नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, “अहो, चालेल हो, कोण बघतंय एवढं?” तर आई त्याच्या हातातून कपडा ओढून घ्यायची. “मी बघतेय ना!” म्हणायची आणि तिथल्या तिथे शिवण उसवायला बसायची. गिऱ्हाईक दारात ताटकळतंय, त्याला कुठल्या तरी समारंभाला पोचायचंय, आणि ही बाई शांतपणे एकेक टाका काढतेय. चाळीस वर्षं हे असंच चाललं. लोक चडफडायचे आणि पुढचं कापड घेऊन परत तिच्याकडेच यायचे.

तर अशी आई त्या गुरुवारी सकाळी सायीच्या दुधाला ‘चालेल’ म्हणाली.

मी कामावर असताना आईजवळ थांबायला एक मावशी येतात. दूध त्यांनी आणलं आणि साय काढायची राहून गेली. आईला साय नुसती दिसली तरी मळमळतं, हे मला चांगलं माहीत आहे. पण माझ्या एका पायात चप्पल होती, दुसरी सापडत नव्हती. मी बस डेपोत फेऱ्यांचं वेळापत्रक लावते. मी दहा मिनिटं उशिरा गेले की पन्नास चालक माझ्या टेबलाभोवती उभे राहतात. मी म्हटलं, “आई, साय आहे, पण आजच्या दिवस घे. चालेल ना?”

आईचं बोट मांडीवरच्या पाटीवर गेलं. पाटी बोलली, “चालेल.” बोट परत आपटलं. “चालेल.” आणखी एकदा. “चालेल.”

“हो गं बाई, कळलं! किती वेळा?” मी पेला तिच्या ओठांना लावला तर ओठ गच्च मिटलेले. अर्धं दूध तिच्या गळ्यावर, अर्धं माझ्या बाहीवर.

“मग चालेल कशाला म्हणतेस?” मी ओरडलेच. आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी चप्पल शोधायचं निमित्त करून तिथून सटकले.

पाटी म्हणजे काय ते सांगते. सात महिन्यांपूर्वी आईला झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. आपण बोललेलं तिला सगळं कळतं, पण तिचे शब्द तोंडापर्यंत येत नाहीत. अक्षरं दिसतात, पण लागत नाहीत. मान हलवते, पण ‘हो’ला आणि ‘नाही’ला सारखीच. वाचा-उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “मान बघू नका, फसाल. रडल्या तरी त्याचा अर्थ लावत बसू नका, या आजारात रडू उगाचच येतं. या पाटीवर विश्वास ठेवा.” आणि त्यांनी एक टॅबलेट हातात दिला. आम्ही त्याला पाटी म्हणायला लागलो.

पाटीवर सहा मोठी घरं. हो, नको, चालेल, पाणी, दुखतंय, बाथरूम. बाकीचे शब्द मागच्या पानांवर. घराला बोट लावलं की एका गोड बाईचा आवाज तो शब्द बोलतो. शब्दांबरोबर चित्रंही होती. ती मीच बंद केली. साठी उलटलेल्या बाईला बालवाडीत बसवल्यासारखं दिसत होतं ते. आई काही बोलली की खाली माझ्यासाठी प्रश्न यायचा, ‘बरोबर समजलं?’ शेजारी बरोबरची खूण आणि फुली. आईला जे म्हणायचं होतं तेच पाटी बोलली असेल तर बरोबर, नाहीतर फुली.

“आळस करू नका,” डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. “प्रत्येक वेळी फीडबॅक द्या. त्यावरूनच ती शिकते. दोन-तीन महिन्यांत बघा, तुमच्या आईंची होऊन जाईल.”

मी आळस केला नाही. माझ्यावर दुसरा काहीही आरोप करा.

आता ‘नको’चं सांगायला हवं. आमच्या आईची दोन नको होती. एक खरं नको आणि एक मानाचं नको. खरं नको एकदाच यायचं आणि विषय संपायचा. मानाचं नको म्हणजे, कुणी म्हटलं “बसा, पाणी घ्या,” की “नको हो, कशाला” असं म्हणत आई खुर्चीच्या काठावर टेकायची, आणि समोरच्यानं दुसऱ्यांदा विचारलं की पेलाभर पाणी घटाघटा प्यायची. मावशीबाई, म्हणजे आईची धाकटी बहीण, राहायला येऊ का म्हणून विचारायची, तर “नको गं, तुझं घर कोण बघेल?” आणि फोन ठेवला की तिच्यासाठी चादरी बदलायची. मानाच्या नकोला दुसऱ्यांदा विचारायचं असतं, एवढं आम्हा भावंडांना दूधपित्या वयापासून माहीत होतं. कुठलं नको खरं आणि कुठलं मानाचं, ते तिच्या आवाजावरून कळायचं. खरं नको आखूड असायचं. मानाचं जरा लांबायचं.

पाटीवरची गोड बाई दोन्ही नको एकाच सुरात म्हणायची.

सुरुवातीला आई सारखं नको म्हणायची. गोळी नको, व्यायाम नको, आंघोळ नको. मी मनात म्हणायचे, हे मानाचंच. मला त्रास नको म्हणून म्हणतेय बिचारी. आता मानाचं असेल तर दुसऱ्यांदा विचारायला हवं ना? पण घड्याळ बघत उभ्या असलेल्या माणसाला दुसऱ्यांदा विचारायला फुरसत कुठली? फुली दाबली की काम व्हायचं. फुली दाबली की पाटी ‘नको’ पुसायची आणि स्वतःच दुसरा शब्द पुढे करायची, ‘चालेल?’ म्हणून. मी बरोबर दाबायचे आणि गोळी भरवायचे. मी मावशींनाही तसंच शिकवलं. “आईंचं नको खरं धरू नका,” म्हटलं. “त्यांची सवय आहे ती.”

तीन-चार महिन्यांनी आई गुणी झाली. नको कमी झालं, मग अगदीच थांबलं. विचारलं की चालेल. मावशी शेजारणींना सांगायच्या, “आमच्या आजींसारखं पेशंट शोधून मिळणार नाही.” मीही फोनवर दादाला तेच सांगत होते.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, दुसऱ्या शहरात असतो. त्याच्या घरी लिफ्ट आहे, न्हाणीघरात धरायला दांडे आहेत, वहिनी दिवसभर घरी असते. आईनं त्याच्याकडे जावं असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. आमचं घर भाड्याचं. पुढच्या खोलीत आईचं शिवणकाम, मागे आम्ही राहायचो. ती गेली की घर सोडायचं. दोन्ही मशिनं, कापडाच्या कडा बांधायचं ओव्हरलॉक आणि कापायचं मोठं टेबल एका शिवणवर्गाला द्यायचं. शनिवारी अकरा वाजता त्यांचा टेम्पो येणार, दुपारी दादाची गाडी निघणार. मी डेपोजवळ एक खोली बघून ठेवली होती. खिडकी चांगली मोठी होती. त्या खोलीत उभी राहून मी सात महिन्यांत पहिल्यांदा निवांत श्वास घेतला होता. खोटं कशाला बोलू, मला आईनं जायला हवं होतं.

पण तिला विचारल्याशिवाय करायचं नाही, हे आमचं दोघांचं ठरलं होतं. मी तीनदा विचारलं. एकदा दादा फोनवर ऐकत असताना विचारलं. “आई, दादाकडे राहायला जायचं. मशिनं शिवणवर्गाला देऊन टाकायची. इथलं घर सोडायचं.” तिन्ही वेळा पाटी म्हणाली, चालेल. तिसऱ्या वेळी तर आईनं पाच-सहा वेळा बोट आपटलं. चालेल, चालेल, चालेल. दादा हसायला लागला. “अगं, ही तर बॅग भरून बसलीय!”

आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. रडू उगाचच येतं म्हणून मी पुसून टाकलं.

इतकं सगळं सुरळीत होत होतं, तर मला बरं वाटायला हवं होतं ना? छे. गुरुवारी त्या दुधानंतर माझं बूड एका जागी ठरेना. डेपोत एकाच गाडीला एकाच वेळेच्या दोन फेऱ्या लावल्या. साहेब म्हणाले, “बाई, गाडीला दोन इंजिनं लावू का?” सगळे हसले, मलाही हसू आलं, पण पाय टेबलाखाली थडथडत होता तो होताच. घरी आले तर पुढच्या खोलीत जाऊन उगाच कात्री उचलली आणि ठेवली. खडूचा डबा इकडचा तिकडे केला.

आईची त्या खोलीत एकच दहशत होती, कुठल्याही वस्तूची जागा बदलायची नाही. मोठी कात्री टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात, टेप गळ्यात, खडू मशिनच्या मागे, बॉबिन तिसऱ्या खणात. नजर कापडावर आणि हात मागे जाऊन बरोबर हवी ती वस्तू घेऊन यायचा. लहानपणी मी एकदा तिची कात्री फळीवर ठेवली. तिनं न बघता हात टाकला, हाताला रिकामं टेबल लागलं, आणि तिचा असा काही संताप झाला की आजही आठवलं तरी मान खाली जाते. “मी डोळ्यांनी शिवत नाही,” ती म्हणाली होती. “मी जागेनं शिवते.”

मी खडूचा डबा परत मशिनच्या मागे ठेवला. तरी चैन पडेना.

शुक्रवारी माझी चार वाजताची पाळी होती. सकाळपासून आवराआवर चालली होती. टेबलाला दोर बांधून झाला होता. आई तिच्या खुर्चीत बसून त्या दोराकडे बघत होती. दुपारी दोनच्या सुमारास बेल वाजली. पाटी बनवणाऱ्या कंपनीची मुलगी होती. ती येणार असल्याचा निरोप आला होता आणि मी साफ विसरले होते. तिच्या खांद्याला भली मोठी पिशवी आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखे भाव. मावशींनी तिचं तिथल्या तिथे बारसं केलं, “फीडबॅकवाल्या बाई आल्यात.”

“पाचच मिनिटं,” फीडबॅकवाली म्हणाली. “पाटीबद्दल तुमचा अनुभव विचारायचाय. दहापैकी किती द्याल?”

“किती द्यायची पद्धत आहे?” मी दोऱ्याची रिळं खोक्यात टाकत विचारलं.

“तसं काही नाही. पण खरं सांगू? तुमची पाटी आमच्या यादीत पहिली आहे.” ती एकदम खुलली. तिनं स्वतःच्या टॅबलेटवर काहीतरी उघडून माझ्यापुढे धरलं. “शंभरातल्या शहाण्णव वेळा बरोबर. एवढं आणखी कुणाच्याच घरी नाही. आणि तुम्ही फीडबॅक इतका नियमित दिलाय की पाटीला शिकायला काही अडचणच आली नाही. आम्ही ऑफिसात तुमचं उदाहरण देतो.”

कुणी कौतुक केलं की मला खुर्चीत बसवत नाही. मी उभ्या उभ्याच म्हटलं, “काय शिकली ती?”

“हे बघा ना. कुठला शब्द आईंच्या कामाचा, कुठला चुकून दाबला जातो, सगळं. हा बघा, सगळ्यात जास्त चुकून दाबला जाणारा शब्द. नको. तीनशे एक्केचाळीस फुल्या.”

मी हसले. “ते मानाचं नको. त्यांची सवय आहे.”

“हो ना, म्हणूनच पाटीनं तो मागच्या पानावर टाकला. चौथ्या पानावर आहे आता. आईंना चुकून बोट लागण्याचा त्रास संपला.”

माझ्या हातात रीळ होतं, ते तसंच राहिलं. “चौथ्या पानावर? आईला पान उलटता येत नाही.”

“तशी वेळच येत नाही त्यांच्यावर,” ती समजुतीनं म्हणाली. “सगळ्यात जास्त लागणारा शब्द पाटी बोटाच्या सगळ्यात जवळ आणते. आई डाव्या हातानं वापरतात, म्हणजे खाली डावीकडचं घर. तिथे आता चालेल आहे.”

“आधी तिथे काय होतं?”

तिनं बोटानं यादी खाली सरकवली. “पहिल्या दिवशी... खाली डावीकडे... नको.”

मी आईकडे बघितलं. आई माझ्याकडेच बघत होती. तिचं डावं बोट पाटीवर होतं, खाली, डावीकडे. ते बोट चार महिने तिथेच तर पडत होतं. अक्षरं तिला लागत नाहीत. चित्रं मी बंद केलेली. तिनं हात टाकला, तिथे कात्री नव्हती. परत टाकला, परत टाकला. जितक्या जोरानं ती नको म्हणत होती, तितक्या जोरानं पाटी चालेल म्हणत होती. आणि मी प्रत्येक वेळी बरोबरची खूण दाबत होते.

 मी दोर बांधलेल्या टेबलावरच बसले.

“काय झालं?” फीडबॅकवाली घाबरली.

“आधी होतं तसं करता येईल? पहिल्या दिवसासारखं?”

“येईल की. पण मग सहा महिन्यांचं शिकलेलं सगळं जाईल. शहाण्णवचे एकदम...”

“जाऊ दे! चुलीत जाऊ दे ते शहाण्णव!” मी इतकी ओरडले की मावशी आतून धावत आल्या. “शिकली म्हणे! कुणाकडून शिकली? आईकडून? तिला कधी विचारलं का तुमच्या पाटीनं, बरोबर समजलं का म्हणून? प्रश्न येतो तो मला येतो. खूण करते ती मी करते. बोलायचं आईनं आणि मार्क देणार मी!”

मुलीचा चेहरा उतरला. ती काही वाईट नव्हती. तिनं तिचं काम केलं होतं, डॉक्टरबाईंनी त्यांचं केलं होतं. फुल्या मी मारल्या होत्या, तीनशे एक्केचाळीस. मला स्वतःचीच अशी शिसारी आली की कुठे तोंड लपवू असं झालं.

“खरंय,” ती हळूच म्हणाली. “पाटी आईंची आणि फीडबॅक तुमचा. हे मी... हे मी लिहून नेते.” तिनं आईपुढे वाकून विचारलं, “आई, पाटी घेऊ का जरा?” आईनं बोट आपटलं. “चालेल,” पाटी म्हणाली. मुलीनं हात मागे घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी गुडघ्यावर बसून आईला सगळं सांगितलं. शब्दांच्या जागा बदलल्यात, तुझी काही चूक नाही, आता नीट करतोय. आईनं पाटीवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

दोन मिनिटांचं काम होतं. मी चित्रंही सुरू करायला सांगितली. पाटी परत आईच्या मांडीवर आली. समजा माझी समजूत चुकीची निघाली तर? आणि खरं सांगायचं तर, मनाच्या एका कोपऱ्यात मला ती चुकीची निघायला हवी होती. ती मोठी खिडकी माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

“आई,” मी म्हटलं, “दूध आणू? सायीचं?”

बोट खाली डावीकडे गेलं. “नको.”

आईचं बोट तिथेच थबकलं. तिनं पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग मी न विचारताच तिनं पुन्हा दाबलं. “नको.” पुन्हा. “नको.” तिच्या तोंडाची डावी बाजू हलायला लागली. ती हसत होती. सात महिन्यांत मी ते बघितलं नव्हतं. मावशींनी पदर तोंडाला लावला.

“आता दुसरं विचारते. घाई नाही. दादाकडे कायमचं राहायला जायचं, मशिनं देऊन टाकायची, हे घर सोडायचं.”

“नको.”

एकदाच. आखूड. पाटीवरची बाई तीच होती, सूरही तोच होता, पण मला ते नको आईच्या आवाजात ऐकू आलं. खाली प्रश्न आला, ‘बरोबर समजलं?’ आणि माझा अंगठा, मेला, सवयीनं फुलीकडे निघाला. मी तो दुसऱ्या हातानं धरला आणि बरोबरची खूण दाबली. मग आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ‘चुकलं माझं’ एवढंच म्हणता येत होतं, तेही धड नाही.

दादाला तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. त्याचा विश्वास बसेना. “अगं, माझ्यासमोर चालेल म्हणाली ती! सहादा!”

“सहादा नको म्हणाली ती. तू हसलास आणि मी डोळे पुसले.”

“म्हणजे काय? तू बटणं फिरवणार आणि मी...”

“मी काही सांगत नाही. तूच विचार.” मी फोन आईच्या पुढे धरला. दादानं विचारलं, त्यानं विचारलं तेही जरा घाबरतच. “आई, माझ्याकडे यायचं नाही का गं तुला?” आईनं थोडा वेळ घेतला. मग दाबलं, “नको.” आणि तिला काय वाटलं कोण जाणे, फोनच्या काचेवरून, दादाच्या गालावरून, तिनं बोट फिरवलं.

 दादा नाक ओढत म्हणाला, “मग उद्या मी येऊ की नको?”

“ये की! आईला भेटायला ये. आणि न्हाणीघरात लावायचे ते दांडे घेऊन ये.”

शिवणवर्गाच्या बाईंना कळवलं. त्या चिडल्या, चिडायच्याच. मावशींनी टेबलाचा दोर सोडला. फीडबॅकवाली जाताना दारात घुटमळली. “त्या दहापैकीचं काय लिहू?” तिनं विचारलं.

“ते आईला विचारा,” मी म्हटलं. तिनं खरंच परत आत येऊन विचारलं. आई बराच वेळ पाटी बघत राहिली आणि तिनं ‘दुखतंय’ दाबलं. मुलीनं ते तसंच लिहून घेतलं.

साडेतीन झाले. चारची पाळी. म्हणजे परत तेच, एका पायात चप्पल, पिशवी खांद्याला, आणि सगळा उरलेला जन्म डोक्यात गरगरतोय. मोठ्या खिडकीची खोली गेली. मावशींना आणखी दोन तास वाढवून मागायला हवे. आईला त्या मशिनवर बसवून डाव्या हातानं काही जमतंय का बघायला हवं. कसं होणार आहे हे सगळं, मला काही कळत नव्हतं, आणि तरी कालपासून थडथडणारा पाय थांबला होता. मी आईसमोर उभी राहिले.

“निघू मी?” म्हटलं. “की आज रजा टाकू? थांबू तुझ्याजवळ?”

तिचं बोट खाली डावीकडे गेलं. “नको,” पाटी म्हणाली.

आणि त्याच हातानं तिनं माझी बाही धरली. दोन बोटांच्या चिमटीत कापड घेऊन, कापड कसं आहे ते बघतात तशी. त्या बाहीवर कालच्या दुधाचा डाग होता. ती बाही काही सोडेना.

पाटीवर प्रश्न उभा होता, ‘बरोबर समजलं?’ एक खूण, एक फुली. दोन्हींतलं एकही दाबावंसं मला वाटलं नाही. पाटी उचलून टेबलावर पालथी ठेवली, चप्पल काढली, खुर्ची ओढून आईच्या समोर बसले, आणि तिला दुसऱ्यांदा विचारलं.